ध्वनिमुद्रिका-निर्मिती

ध्वनीच्या कंपनांशी जुळणारी नागमोडी खाच ज्या तबकडीवर सर्पिलाकार कोरलेली असते आणि त्या खाचेतून सुई फिरवून मूळ ध्वनी पुन्हा ऐकता येतो, अशा तबकडीला ध्वनिमुद्रिका म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे व्हिनिल या प्लॅस्टिकाच्या ध्वनिमुद्रिका कशा तयार करतात, याचे वर्णन केले आहे. ध्वनीची प्रत्येक प्रत स्वतंत्रपणे कोरावयाची नसून एकदाच कोरलेल्या तबकडीवरून साचे काढून हजारो प्रती छापावयाच्या, हे या निर्मितीचे मूलतत्त्व होय. या दृष्टीने ध्वनिमुद्रिकेचा कारखाना हा छापखान्याचाच भाऊबंद आहे. फरक एवढाच, की छापखान्यात अक्षराची कड थोडी झिजली तरी अर्थ बिघडत नाही. येथे मात्र एक मायक्रॉनाची (मिलिमीटराच्या सहस्रांशाची) खोट कानाला जाणवू शकते.

टॉमस आल्व्हा एडिसन यांनी १८७७ मध्ये तयार केलेल्या फोनोग्राफात कथिलाच्या पत्र्याने मढविलेले फिरते दंडगोल वापरलेले होते. या यंत्रातून ध्वनी पुन्हा ऐकू आला, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. परंतु दंडगोलाच्या प्रती काढणे अवघड होते. एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये ग्रामोफोनाचे पेटंट घेतले व पुढे सपाट तबकडीचा अवलंब केला. तिच्यात सुई खालीवर न हलता आडवी हलत असे. जस्ताच्या तबकडीवर मेणासारख्या स्निग्ध पदार्थाचा पातळ थर देऊन ते त्यात रेषा ओढीत आणि उघडे पडलेले जस्त अम्लाने खाववीत. अशा तबकडीवरून विद्युत् विलेपनाने उलटा धातूचा साचा मिळतो व त्या साच्याने मऊ पदार्थावर ठसा उमटविता येतो. बर्लिनर यांचे खरे श्रेय या शेवटच्या कल्पनेत आहे. पुढील सव्वाशे वर्षांत द्रव्ये बदलली, यंत्रे बदलली. कृतीचा क्रम मात्र तोच राहिला.

लाखेच्या तबकड्या : प्रारंभी कठीण रबराच्या तबकड्या करीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची जागा लाखेच्या मिश्रणाने घेतली आणि ते सु. पन्नास वर्षे टिकून राहिले. पळस, कुसुंब, बोर इ. वृक्षांवर वाढणाऱ्या लाखेच्या किड्यापासून मिळणारी चपडा लाख भारतातून, विशेषतः छोटा नागपूरच्या परिसरातून, जगभर जात असे. जगातील संगीताच्या व्यापाराचा मोठा भाग अशा रीतीने वनवासी लोकांनी गोळा केलेल्या एका वनोपजावर अवलंबून होता, ही गोष्ट संगीताच्या इतिहासात क्वचितच नोंदली जाते. तबकडीत लाखेचे प्रमाण मात्र निम्म्याहूनही कमी असे. उरलेला भाग पाटीच्या दगडाची वा चुनखडीची पूड, काजळी व कापसाचे तंतू यांचा असे. दगडाची पूड हेतुपुरस्सर घालीत. पोलादी सुई खाचेत घासून पहिल्या काही फेऱ्यांतच खाचेच्या आकाराची व्हावी, असा तिचा उपयोग असे. म्हणूनच प्रत्येक वादनाला नवी सुई लावावी लागे. तबकडीची सततची खरखर ही या पुडीचीच देणगी होती.

भारतात फ्रेड गाइसबर्ग यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्ता येथे गौहर जान यांचे गायन ध्वनिमुद्रित केले. मेणावर कोरलेल्या मूळ तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठवून तेथे त्यांच्या प्रती दाबल्या जात व जहाजाने परत येत. त्या काळच्या अनेक गायकगायिका गाण्याच्या शेवटी आपले नाव उच्चारताना ऐकू येतात. परदेशातील कारागिरांना तबकडी कोणाची हे कळावे म्हणून ही प्रथा पडली, असे सांगितले जाते. १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदह येथे ग्रामोफोन कंपनीचा कारखाना सुरू झाल्यावर हा सागरप्रवास संपला. पुढे हा कारखाना दमदम येथे हलविण्यात आला.

व्हिनिलचा स्वीकार : दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा पडला. शिवाय लाखेची तबकडी ठिसूळ असल्याने ती दूरवर पाठविणे कठीण होते. अमेरिकी सैनिकांसाठी १९४३ पासून काढलेल्या तबकड्यांत म्हणून व्हिनिलचा उपयोग करण्यात आला. व्हिनिलमध्ये दगडाची पूड नसल्याने खाच गुळगुळीत राहते व खरखर पुष्कळच कमी होते. त्यामुळे खाच अरुंद करता येते आणि तबकडी सावकाश फिरविता येते. जून १९४८ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने दर मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी, सूक्ष्म खाचेची ३० सेंमी. व्यासाची दीर्घवादी तबकडी (एल्पी) बाजारात आणली. पुढच्याच वर्षी आर्‌सीए व्हिक्टर कंपनीने दर मिनिटास ४५ फेऱ्यांची लहान तबकडी काढली. पूर्वी दर मिनिटास ७८ फेरे घेणारी लाखेची तबकडी एका बाजूस तीन ते साडेचार मिनिटे वाजे. आता वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. रागसंगीताच्या दृष्टीने हा फरक केवळ सोयीचा नव्हता. तीन मिनिटांत ख्यालाचा मुखडा, दोनचार आलाप व ताना एवढेच बसत आणि विलंबित लयीला जवळजवळ रजाच द्यावी लागे. १९५५ मध्ये अमेरिकेत निघालेल्या अली अकबर खाँ यांच्या दीर्घवादी तबकडीत प्रथमच एकेका बाजूस एकेक राग विस्ताराने ऐकावयास मिळाला.

खाचेचे मोजमाप : ३० सेंमी. तबकडीवर ध्वनिमुद्रण बाहेरून सु. १४·६ सेंमी. त्रिज्येवर सुरू होते व आत सु. ६ सेंमी. त्रिज्येवर संपते. एक बाजू वीस मिनिटांची धरल्यास या ८·६ सेंमी. रुंदीच्या पट्ट्यात सु. ६६७ वेढे बसवावे लागतात, म्हणजे एका वेढ्याला सरासरी ०·१३ मिमी. एवढीच जागा मिळते. सरळ केल्यास या खाचेची लांबी सु. ४३० मी. भरेल. खाचेचा छेद व्ही या रोमन अक्षराप्रमाणे असून तिच्या दोन भिंतींमध्ये ९०° चा कोन असतो. लाखेच्या तबकडीच्या मानाने तिची रुंदी सु. एक-तृतीयांश असते.

तबकडी फिरण्याचा वेग कायम असल्याने सुईखालून जाणाऱ्या खाचेचा रेषीय वेग बाहेर सेकंदास सु. ५१ सेंमी. व आत केवळ २१ सेंमी. असतो. १०,००० हर्ट्‌झ कंप्रतेच्या ध्वनीची एक लाट बाहेरच्या वेढ्यात ५१ मायक्रॉन लांबीची, तर शेवटच्या वेढ्यात २१ मायक्रॉन लांबीची होते. सुईचे टोक या आखडलेल्या लाटेत पुरेसे शिरू शकत नाही व उच्च स्वर विरूप होतात. बाजूच्या शेवटी येणारी द्रुत लय किंवा झाला पुष्कळदा चिरकल्यासारखा वाटतो, त्याचे कारण वादकात नसून या भूमितीत असते. या मूळ मर्यादेवर पूर्ण उपाय नाही. जाणता तंत्रज्ञ फार तर अखेरच्या भागात पातळी थोडी उतरवितो किंवा रचनांचा क्रम बदलण्याची सूचना करतो.

दुसरी अडचण खर्जाची. ध्वनीचे प्रमाण सारखे ठेवून कंप्रता कमी केली, तर खाचेचे आडवे डोलणे (परमप्रसर) वाढत जाते आणि शेजारचा वेढा कापला जाण्याची भीती निर्माण होते. म्हणून कोरताना मंद्र स्वर मुद्दाम दाबतात व तार स्वर उचलतात. १९५४ मध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने यासाठी ठरविलेला वक्र पुढे जगभर रूढ झाला. त्यानुसार १,००० हर्ट्‌झच्या तुलनेत २० हर्ट्‌झचा संकेत सु. नवव्या हिश्शाएवढा उरतो आणि २०,००० हर्ट्‌झचा नऊ पटींहून अधिक वाढतो. वादनाच्या वेळी विवर्धकात नेमकी उलट दुरुस्ती होते. तार स्वर पुन्हा खाली आणताना तबकडीची खरखरही त्यांच्याबरोबर खाली येते, हा या योजनेचा दुसरा फायदा.

दुपदरी (स्टिरिओ) ध्वनिमुद्रणात खाचेच्या प्रत्येक भिंतीवर एकेक पदर असतो. ॲलन ब्लमलाइन या ब्रिटिश अभियंत्यांनी १९३१ मध्ये या पद्धतीच्या पेटंटासाठी अर्ज केला होता. व्यापारी तबकड्या मात्र १९५८ मध्ये आल्या. दोन्ही पदरांत समान असलेला ध्वनी खाच आडवी हलवितो व भिन्न असलेला तिला खालीवर हलवितो. जड खर्ज एकाच पदरात ठेवला, तर खाच क्षणभर फार उथळ होऊन सुई उडते. यास्तव खर्ज दोन्ही पदरांत समान वाटून देतात.

मूळ तबकडी कापणे : ॲल्युमिनियमाच्या अतिशय सपाट चकतीवर नायट्रोसेल्युलोजाच्या लाखटाचा (लॅकरचा) सु. ०·२ मिमी. जाडीचा थर दिलेला असतो. व्यवहारात या तबकडीला ‘ॲसिटेट’ म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुतः तिच्यात ॲसिटेट नसते. ३० सेंमी. ध्वनिमुद्रिकेसाठी सु. ३५ सेंमी. व्यासाची तबकडी घेतात, म्हणजे हाताळण्यास कडेला जागा राहते. कापण्याचे यंत्र लेथसारखे असते : जड फिरता मंच, त्यावर निर्वाताने घट्ट धरलेली तबकडी आणि स्क्रूच्या साहाय्याने कडेकडून केंद्राकडे सरकणारे कर्तन-शीर्ष. शीर्षातील दोन वेटोळी परस्परांशी काटकोनात बसविलेली असून त्यांच्यामुळे नीलमण्याचे धारदार पाते हलते. पात्याभोवती बारीक तार गुंडाळून त्याला तापवितात, त्यामुळे खाच स्वच्छ कापली जाते. कापताना निघणारा केसासारखा धागा निर्वात नळीने ताबडतोब ओढून घेणे आवश्यक असते. तो पात्यात अडकला तर तबकडी वाया जाते. शिवाय नायट्रोसेल्युलोज झपाट्याने पेट घेणारे द्रव्य असल्याने त्याचा साठा धोकादायक ठरतो.

वेढ्यांमधील अंतर जुन्या यंत्रांत कायम असे. पुढे हे अंतर ध्वनीनुसार आपोआप कमीजास्त होऊ लागले. त्यासाठी फीत वाजविणाऱ्या यंत्रावर एक आगाऊ शीर्ष बसवीत, ते सु. एका फेऱ्याइतके आधी संगीत ‘ऐके’ आणि मोठा आघात येणार असल्यास स्क्रूला वेळीच जागा वाढविण्याचा आदेश देई. शांत आलापीत वेढे दाटीने बसतात व जोरकस भागात विरळ होतात. प्रकाशात तिरपी धरलेली तबकडी पाहिल्यास हे पट्टे नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून अनेक ठिकाणी या आगाऊ शीर्षाऐवजी अंकीय विलंबयंत्र आले. तेव्हा त्या काळच्या सर्वच तबकड्या ‘अखंड सदृश’ पद्धतीच्या आहेत, हा शौकिनांचा समज बरोबर नाही.

कापलेली तबकडी वाजवून पाहता येत नाही, कारण मऊ लाखटावर सुई एकदा फिरली तरी सूक्ष्म तपशील पुसला जातो. तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकातून खाच तपासतो व शेवटच्या रिकाम्या पट्टीत टोच्याने साचाक्रमांक कोरतो. लाखट स्थिर राहत नसल्याने शक्यतो एकदोन दिवसांतच पुढील क्रिया सुरू करतात. विलंब झाल्यास भिंती थोड्या परततात व तार स्वर मंदावतात. एका वेढ्याचा जोरकस ध्वनी शेजारच्या शांत वेढ्यात उमटून गाणे सुरू होण्याआधीच त्याची पुसट चाहूल ऐकू येते, तोही लाखटाच्या याच मऊपणाचा परिणाम असतो.

धातूचे साचे : लाखट विद्युत् संवाहक नसते. म्हणून तबकडी धुऊन, स्टॅनस क्लोराइडाच्या विद्रावाने संस्कारित करून तिच्यावर सिल्व्हर नायट्रेट व क्षपणकारक द्रव्य यांचे विद्राव एकाच वेळी फवारतात. काही क्षणांत चांदीचा आरशासारखा थर बसतो. मग ही तबकडी निकेल सल्फामेटाच्या ऊबदार विद्रावात ऋणाग्र म्हणून फिरत ठेवतात. सल्फामेटापासून बसणाऱ्या निकेलात अंतर्गत ताण कमी असतो व पत्रा वाकत नाही, म्हणून त्याची निवड होते. प्रारंभी विद्युत् प्रवाह अगदी कमी ठेवतात. घाई केल्यास लाखट तापून खाचेचा आकार बिघडतो. पुरेशी जाडी झाल्यावर निकेलाचा पत्रा लाखटापासून सोलून काढतात. या क्षणी लाखटाची तबकडी बहुधा निकामी होते. या एकाच विलगीकरणावर साऱ्या ध्वनिमुद्रणाचे भवितव्य अवलंबून असते, आणि ते काम आजही हातानेच करतात.

सोललेल्या पत्र्यावर खाचेच्या जागी उंचवटे असतात. कारखान्याच्या परिभाषेत त्याला ‘फादर’ (पिता) म्हणतात. त्याचा पृष्ठभाग पुन्हा चिकटणार नाही असा निष्क्रिय करून त्यावर दुसरा निकेल थर चढविला, की ‘मदर’ (माता) मिळते. तिच्यात मूळ तबकडीप्रमाणे खाचाच असतात, म्हणून ती वाजवून ऐकता येते. एखादा ‘टक्‌’ आवाज आढळल्यास कारागीर सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कोरणीने तेवढा कण काढून टाकतो. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. मातेवरून पुन्हा उलटे साचे काढतात, ते म्हणजे प्रत्यक्ष दाबयंत्रात बसणारे ‘स्टँपर’. एका पित्यापासून दहा माता, प्रत्येक मातेपासून दहा स्टँपर व प्रत्येकापासून सु. हजार प्रती असा हिशोब धरल्यास एका कापणीतून एक लाख ध्वनिमुद्रिका निघू शकतात. थोड्या प्रती हव्या असल्यास पित्याचाच स्टँपर म्हणून उपयोग करून टाकतात. हे स्वस्त पडते, परंतु साचा झिजला की सारे नव्याने कापावे लागते. निगुतीने जतन केलेल्या मातेवरून मात्र कित्येक दशकांनंतरही नवे स्टँपर काढता येतात.

स्टँपर सु. ०·२ मिमी. जाडीचा असतो. त्याची मागची बाजू घासून गुळगुळीत करतात, कारण तेथील खरबरीतपणा दाबाखाली पुढच्या बाजूस उमटतो व घरघर निर्माण करतो. यानंतर मध्यछिद्र पाडणे हे वरकरणी सोपे, पण अत्यंत जोखमीचे काम असते. छिद्र साच्याच्या कडेवरून न मोजता खाचेच्या वेढ्यांवरून प्रकाशीय उपकरणाने ठरवितात. ६ सेंमी. त्रिज्येवर छिद्र अर्धा मिलिमीटर सरकले, तर प्रत्येक फेऱ्यात वेग सु. ०·८ टक्क्याने वाढतो व तेवढाच कमी होतो आणि लांबलेला षड्ज डोलू लागतो. तंबोऱ्याच्या संगतीने गायलेल्या संगीतात हा दोष असह्य होतो, ऑर्केस्ट्रात तो कदाचित खपून जातो.

१९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी जर्मनीतील टेल्डेक कंपनीने लाखट व चांदी या दोन्ही पायऱ्या वगळणारी पद्धत प्रचारात आणली. तिच्यात तांब्याचा थर दिलेल्या पोलादी तबकडीवर हिऱ्याच्या पात्याने सरळ खाच कापतात. तांबे परतत नसल्याने पूर्वध्वनीचा दोष टळतो.

व्हिनिल मिश्रण : मूळ द्रव्य व्हिनिल क्लोराइड व व्हिनिल ॲसिटेट यांचे सहबहुवारिक (कोपॉलिमर) असते, त्यात ॲसिटेटाचे प्रमाण सु. १५ टक्के असते. केवळ पॉलिव्हिनिल क्लोराइड वितळल्यावर फार घट्ट राहते व सूक्ष्म खाचेत शिरत नाही. ॲसिटेटामुळे ते प्रवाही होते. उष्णतेने विघटन होऊन हायड्रोक्लोरिक अम्ल सुटू नये म्हणून स्थिरीकारके, साच्याला चिकटू नये म्हणून वंगणे व थोडी काजळी त्यात मिसळतात. काळा रंग काजळीमुळे येतो. तिच्यामुळे पृष्ठभागावरील दोषही चटकन दिसतात. व्हिनिल क्लोराइड वायू यकृताच्या एका दुर्मिळ कर्करोगास कारणीभूत होतो, हे १९७४ मध्ये अमेरिकेतील कामगारांच्या मृत्यूंवरून उघड झाले. हा धोका प्रामुख्याने बहुवारिक तयार करणाऱ्या रासायनिक कारखान्यांतील असून दाबकामाच्या ठिकाणी तयार गुटिकाच येतात. तथापि श्रोत्याच्या हाती येणाऱ्या निरुपद्रवी तबकडीमागे ही किंमतही मोजली गेलेली आहे.

दाबकाम : गुटिका बहिःसारण यंत्रात तापून एकजीव होतात व जाड वडीच्या रूपाने बाहेर पडतात. या वडीच्या वर आणि खाली कागदी नावपट्ट्या ठेवून ती दाबयंत्राच्या दोन साच्यांमध्ये येते. नावपट्टीस गोंद लागत नाही. वितळलेल्या व्हिनिलातच ती कायमची रुतते. मात्र पट्ट्या आधी भट्टीत पूर्ण वाळवाव्या लागतात. अन्यथा कागदातील ओलाव्याची वाफ होऊन फोड येतात. साच्यांमागील पोकळ्यांतून प्रथम वाफ खेळवितात व सु. १०० टनांच्या द्रवचलित दाबाखाली व्हिनिल कडेपर्यंत पसरते. लगेच वाफ बंद करून थंड पाणी सोडतात. सगळी क्रिया सु. अर्ध्या मिनिटात उरकते. बाहेर ओघळलेली कड कापून टाकतात व पुष्कळदा दळून पुन्हा मिश्रणात घालतात. तयार तबकड्या सपाट धातूच्या चकत्यांमध्ये रचून निवू देतात.

अर्ध्या मिनिटाच्या या आवर्तनातच चांगल्यावाईट कारखान्यांतील फरक सामावलेला असतो. उत्पादन वाढविण्यासाठी थंड होण्याचे पाचसात सेकंद वाचविले, तर तबकडी वाकडी होते. वाफ पुरेशी नसेल, तर व्हिनिल खाचेच्या तळाशी पोहोचत नाही व कापड फाटल्यासारखा आवाज येतो. दळलेल्या कडेत कागदाचा कण राहिला, तर टकटक सुरू होते. जाड, १८० ग्रॅमची तबकडी आपोआप अधिक चांगली वाजते, अशी जाहिरात अलीकडे आढळते. ती तितकीशी खरी नाही. खाचेची खोली नेहमीच्या १२०–१४० ग्रॅमच्या तबकडीत असते तेवढीच राहते; वजनाने फार तर सपाटपणा थोडा सुधारतो.

सद्यःस्थिती : १९८० नंतर कॅसेट व पाठोपाठ संहत तबकडी (सीडी) यांच्या प्रसारामुळे बहुतेक कारखाने बंद पडले, यंत्रे भंगारात गेली व साचे वितळविले गेले. २००७ च्या सुमारास मागणी पुन्हा वाढू लागली. अमेरिकेत २०२२ मध्ये व्हिनिल तबकड्यांच्या विकल्या गेलेल्या नगांची संख्या संहत तबकड्यांहून अधिक झाली. मात्र यंत्रे व माणसे या वेगाने परत आली नाहीत. लाखटाच्या कोऱ्या तबकड्या जगात केवळ दोन ठिकाणी तयार होत असत : अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बॅनिंग येथे व जपानमध्ये. ६ फेब्रुवारी २०२० रोजी बॅनिंग येथील अपोलो मास्टर्सचा कारखाना आगीत संपूर्ण जळाला. जीवितहानी झाली नाही. परंतु लाखटाच्या पुरवठ्याचा सारा भार एकट्या जपानी उत्पादकावर पडला, आणि तांब्यावर थेट कापणारी यंत्रे तर जगात मोजकीच शिल्लक होती. ज्या ध्वनिमुद्रणांच्या फिती नष्ट झाल्या आहेत, त्यांच्या बाबतीत निकेलाची माता किंवा पिता हाच उरलेला मूळ दस्तऐवज होय. तो कोरड्या जागी, उभा व दोन पत्रे परस्परांस न टेकतील असा ठेवावा लागतो. त्याची ओळख पटविण्यासाठी पुष्कळदा शेवटच्या वेढ्याजवळ टोच्याने कोरलेला साचाक्रमांक एवढीच खूण उपलब्ध असते.